पहिली रायफल, जुनं काडतूस

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. तू पहिली शिकारी रायफल घेतोयस, आणि दुकानदार तुझ्या गळ्यात .300 विन्चेस्टर मॅग्नम हे दणकट काडतूस मारतोय, मित्र 6.5 क्रीडमूर या नव्या काडतुसाच्या मागे लागलेत. पेन्सिल्व्हेनियाच्या रानात व्हाइटटेल हरीण मारायला दोन्हींची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत. तिथल्या ओक-हेमलॉकच्या दाटीत शंभर यार्डांपलीकडचं हरीण नुसतं दिसलं तरी नशीब. आणि शंभर यार्डांचं काम 1895 साली आलेलं .30-30 काडतूस आजही बिनबोभाट करतं.

जॉन ब्राउनिंगने रचलेल्या विन्चेस्टर मॉडेल 1894 या लिव्हर-ॲक्शन (चापाखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलीसाठी हे निघालं. 150 ग्रेन (साधारण दहा ग्रॅम) वजनाची गोळी, वेग सेकंदाला जेमतेम 2,390 फूट. हा आकडा बघून पोरं नाक मुरडतात. पण हरणाच्या छातीतून आरपार जायला तेवढा वेग पुरतो, आणि खांद्याला बसणारा धक्का इतका बेताचा की सरावाचा कंटाळा येत नाही. जुनी काडतुसं टिकली ती मुख्यतः यामुळे. हरीण 1895 पेक्षा चिवट झालेलं नाही आणि आपला खांदाही दणकट झालेला नाही.

मॅग्नमने खांदा दुखतो ते सोड, बिघडतो तो नेम. रेंजवर कुणाला तरी सांग, तुझ्या नकळत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, कधी खरं काडतूस भर, कधी बिनदारूचं डमी. डमीवर चाप ओढलास की नुसतं 'टक्' होईल. त्या क्षणी नळीचं तोंड खाली झुकलं आणि डोळे मिटले, तर धक्क्याची धास्ती तुझ्या अंगात शिरली म्हणून समज. ती घालवायला वर्षं लागतात.

आता .30-30 ची खोड सांगतो. त्याची काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीवर टेकतं. म्हणून गोळी चपट्या नाकाचीच हवी. टोकदार गोळी ट्यूबमध्ये कधीही भरायची नाही, धक्क्याने आतल्या आत बार उडू शकतो. आता मऊ पॉलिमर टोकाच्या गोळ्या खास या रायफलींसाठी निघाल्यात, त्या चालतात. पुंगळी पणजोबांच्या काळातली, दारू आणि गोळी आजची, हे जुन्या काडतुसांचं दुसरं बळ.

बोल्ट-ॲक्शनच (हाताने खिट्टी मागे-पुढे ओढायची रायफल) हवी असेल तर 1906 चं .30-06 घे, किंवा माझं लाडकं 7×57 माउझर, 1892 चं. लांबट, जड गोळी सरळ खोल शिरते. हत्तींचा नामांकित शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. बेलचा नेम बेलकडेच होता, तू ते डोक्यात घेऊ नकोस! अमेरिकेतले कारखाने 7×57 मध्ये दारू जरा बेतानेच भरतात, कारण जुन्या 1893 च्या माउझर रायफली अजून लोकांकडे आहेत, आणि त्यांना जास्त दाब सोसत नाही.

जुनं टिकलं म्हणजे गुणावरच टिकलं, असंही नाही. भारतातल्या .315 काडतुसाचं उदाहरण घे. इंग्रजांनी सामान्य माणसाला लष्करी .303 ठेवू दिलं नाही, म्हणून ऑस्ट्रियाचं 8×50 मानलिखर काडतूस .315 या नावाने रुजलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हळूहळू बंद झाली, तरी परवान्यावर .315 चालूच. तिथे निवड कायद्याने केली.

वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्यासाठी जाणार असशील तर माझं .30-30 चं पुराण विसर. शंभर यार्डांवर नेम बसवलेली ही गोळी दोनशेवर सात-आठ इंच खाली येते. तिथे 1925 चं .270 काडतूस घेऊन जा. तेही जुनंच की!

जुनी रायफल पाहिलीस तर पैसे देण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) तपासून घे आणि नळी आतून बघ. मग तीन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पेटी आण. एकच रायफल एका पेटीला छान जमते, दुसरीला रुसते. टार्गेटवर गोळ्यांचे गट कसे पडले ते टार्गेटच्या फोटोसकट कळव.

तुझा,
काका