अल्ट्रासॉनिक टाकीत पेट्रोल घालू का?

प्रश्न : माझ्याकडे जुनी, कार्बोरेटरची बुलेट आहे. सकाळी लवकर सुरू होत नाही, सुरू झाली तरी आयडलिंगला बंद पडते. कार्बोरेटर घरीच साफ करावा म्हणून २ लिटरची अल्ट्रासॉनिक टाकी मागवली. नळाचं पाणी, त्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड, आणि अर्धा तास चालवली. पाणी काळं झालं, पण कोपऱ्यांतला चिकट थर तसाच आहे. मेव्हणे म्हणतात, पाण्याऐवजी पेट्रोल घाल, झटक्यात निघेल. घालू का?
— एक वाचक, विटा

उत्तर : नाही. पेट्रोल नको, रॉकेल नको, थिनर नको, स्पिरिटही नको. मेव्हण्यांनाही हे वाचून दाखवा.

टाकीच्या तळाला खालून ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरून पाणी हलवणारे भाग, चिकटवलेले असतात. त्याच खोक्यात त्यांचं सर्किट, स्विच आणि बहुतेक वेळा हीटरही असतो. द्रव तापला, थरथरला की वाफ जास्त सुटते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, टाकीच्या कडेवरून खाली उतरते. म्हणजे जिथे ठिणगी पडू शकते, नेमकी तिथेच जाऊन साठते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं डिझेल पंप आणि नोझलचं काम चालतं. कामाला येणाऱ्या नव्या पोराला टाकीचं बटण दाखवायच्या आधी मी ही गोष्ट सांगतो. घरात, स्वयंपाकघराशेजारी, तर टाकीत पेट्रोल घालायचा विचारही नको.

आता थर का निघाला नाही ते पाहू. तुमची टाकी बिघडलेली असेल असं मला वाटत नाही. ही टाकी ग्रीस विरघळवत नाही. ते काम गरम पाण्याचं आणि साबणाचं. टाकी सेकंदाला साधारण ४० हजार वेळा पाणी दाबते आणि सैल सोडते. सैल पडल्यावर पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात, दाब आला की ते फुटतात, आणि धातूच्या पृष्ठभागाला लागून फुटताना पाण्याची बारीक धार तिथे आदळते. जिथे ब्रश जात नाही तिथली घाण अशी सुटते. पण जाड, मऊ ग्रीसमध्ये हा मारा जिरून जातो. म्हणून दिसतं तेवढं ग्रीस आधी लाकडी काडीने आणि फडक्याने पुसून काढायचं. पहिलं काम हाताचंच, त्याला पर्याय नाही.

दुसरं कारण थंड पाणी. ५० ते ६० अंशांपर्यंत तापू द्या. हीटर नसेल तर गरम पाणी ओता. उकळतं मात्र नको; फार तापलं की बुडबुड्यांत वाफ भरते आणि ते जोराने फुटत नाहीत. तिसरं, नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती हवा हा मारा बोथट करते. साबण घालून टाकी आधी ५-१० मिनिटं रिकामी, म्हणजे पार्ट न घालता चालवा. पाणी नसताना मात्र एक मिनिटही चालवू नका, ट्रान्सड्यूसर जातात.

पार्ट तळावर ठेवू नका. स्टीलच्या जाळीच्या टोपलीत ठेवा किंवा तारेने लटकवा. तळावर ठेवला की तळ घासला जातो आणि पार्टला मारही नीट बसत नाही. एका वेळी थोडेच पार्ट घाला, मध्ये उलटे करा.

साबणाबद्दल जरा सांभाळून. कार्बोरेटरची बॉडी जस्त किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. कॉस्टिक तर नकोच, धुण्याच्या सोड्यानेही ती काळवंडते. भांड्यांचं लिक्विड चालेल. त्याहून बरं म्हणजे अॅल्युमिनियमला चालेल असं लेबलवर लिहिलेलं पाण्यात मिसळायचं डिग्रीझर. फ्लोट, रबरी रिंगा, गॅस्केट हे सगळं आधी काढून ठेवा. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, पूर्ण सोडवा. १०-१५ मिनिटं चालवा, पाणी काळं झालं की बदला, पुन्हा चालवा.

आणि तुमचा खरा प्रश्न मला पायलट जेटचा वाटतो. आयडलिंगचं पेट्रोल तिथून येतं आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट राळेसारखा थर ते भोक बुजवतो. पुष्कळ ठिकाणी त्यात तार घालतात. पितळ मऊ असतं, भोक ओरखडतं, मोठं होतं, आणि मग ती गाडी कितीही ट्यूनिंग केलं तरी नीट चालत नाही. या एका जेटसाठी तुमची टाकी वसूल झाली असं समजा. धुतल्यावर साध्या गरम पाण्यात एकदा चालवा, हवेने प्रत्येक भोक फुंकून काढा आणि जेट उजेडासमोर धरून पाहा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. लोखंडी पार्ट असतील तर वाळवून लगेच तेलाचा हात फिरवा. इतक्या स्वच्छ लोखंडावर गंज फार लवकर धरतो.

टाकी खरंच काम करते का ही शंका उरली, तर पोळ्या गुंडाळतो त्या फॉइलचा तुकडा पाण्यात अर्धा मिनिट उभा धरा. बोटं पाण्यात बुडवू नका, फॉइल वरून धरा. त्यावर बारीक खळगे आणि भोकं पडली तर टाकी ठीक आहे.

काळं पाणी गटारात ओतू नका. रात्रभर ठेवा, वर आलेलं तेल टिपून बाटलीत भरा आणि जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

प्रश्न : मुलाने चष्मे आणि दागिने धुवायला छोटी अल्ट्रासॉनिक टाकी आणली आहे. सासूबाईंची नथ, कोल्हापुरी साज आणि समई त्यात घालता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, नथ नको. मोती नाजूक असतो, गरम साबणपाणी आणि हा मारा त्याला सोसत नाही, चकाकी जाते. पोवळं, ओपल, पाचू यांनाही नको. पाचूच्या चिरांत बहुधा तेल भरलेलं असतं, ते निघालं की चिरा दिसू लागतात.

साजाबद्दल तर मी हात जोडून सांगतो, घालू नका. आमच्या गुजरीतले, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातले, कारागीर साजाच्या पोकळ मण्यांत लाख भरतात. लाख उष्णतेने मऊ होते, पाणी आत शिरलं तर बाहेर काढता येत नाही, आणि वरचा सोन्याचा पत्रा पातळ असतो. मऊ सुती फडक्याने पुसा, अधूनमधून सराफाला दाखवा. खडे नसलेल्या भरीव सोन्याच्या पाटल्या, चांदीचे पैंजण मात्र खुशाल धुवा. पैंजणांच्या कड्यांतली घाण इतकी सुरेख निघते की मन प्रसन्न होतं.

समई सुटी करून जे भाग टाकीत मावतील ते घाला. नक्षीत बसलेलं जुनं तेल आणि काजळी गरम साबणपाण्यात छान सुटते. पितळेचा काळेपणा मात्र या टाकीने जात नाही, त्याला चिंच किंवा लिंबू-मीठच हवं. पण ते बाहेर, ताटात. मीठ-लिंबाचं पाणी टाकीत गेलं तर स्टीलला खड्डे पडतात. चष्म्याच्या काचेवरचं कोटिंग कुठे सुटलेलं असेल तर चष्माही नको. कोटिंग धड असेल तर कोमट पाण्यात एक-दोन मिनिटं पुरेत.

प्रश्न : मोटारसायकलची चेन आणि गॅसचे बर्नर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चेनच्या कड्यांमध्ये रबरी ओ-रिंग असतील तर टाकीत घालू नका. आतलं ग्रीस कारखान्यात भरलेलं असतं, ते गेलं तर पुन्हा भरता येत नाही. सायकलची साधी चेन उत्तम निघते; वाळवून, तेल देऊनच चढवा. पितळी बर्नर आधी रात्रभर साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, मग टाकीत. तेलकट थर जाईल. करपून दगड झालेला कार्बन दोन-तीन वेळा घालूनही थोडा राहील, तो पितळी ब्रशने काढा. बर्नर पूर्ण कोरडे झाल्याशिवाय शेगडीवर ठेवू नका, आणि पेटवल्यावर ज्योत निळी आणि सगळीकडून सारखी येते का ते पाहा.