लेबर स्टडीजला प्रवेश घेतलास? मग आधी हे कर

अभिनंदन! पहिल्या सत्रात सगळेच कलमं पाठ करत सुटतात; मीही तेच केलं, वेळ वाया गेला. सध्या एवढंच बघ:

- १९४७चा औद्योगिक विवाद कायदा आणि २०२०ची औद्योगिक संबंध संहिता शेजारी ठेवून वाच. कारखाना बंद करायला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. या एका आकड्यावरून युनियन आणि व्यवस्थापन का भांडतात ते कळलं, की बरंच उलगडतं.
- १९८२चा गिरणी संप समजून घे, परीक्षेत येवो न येवो.
- युनियनच्या ऑफिसात तासभर बस. मी गेलो तेव्हा एक काका पगारपावतीवर बोट ठेवून दाखवत होते: पीएफ कापलाय, खात्यात मात्र जमा नाही.

निवाडे, प्रबंध वगैरे दिवाळीनंतर बघू.