सातबाऱ्यावर दोनच नावं आहेत, मग मालक दोघंच का?

प्रश्न : तासगाव तालुक्यात सव्वा एकर शेतजमीन घ्यायचं चाललंय. मी स्वतः खातेदार शेतकरी आहे, त्यामुळे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते ही अडचण नाही. सातबाऱ्यावर दोन सख्ख्या भावांची नावं आहेत, त्यांचे वडील २०१२ ला वारले, आई त्याआधीच गेली. गावात चौकशी केल्यावर कळलं की तीन बहिणीपण आहेत. एजंट म्हणतो त्यांची लग्नं १९९० च्या आधीच झालीत म्हणून हक्क नाही, आणि तसंही त्यांनी तलाठ्यासमोर हक्क सोडल्याचा जबाब दिलाय. दोन लाख इसार मागतायत. देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, आत्ता एक रुपयाही देऊ नका. आधी फेरफार काढा, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कधी आणि कशामुळे बदलली त्याच्या नोंदी.

एजंट जे लग्नाचं सांगतोय ते कुठून आलं ते सांगतो, कारण हे गावोगाव ऐकायला मिळतं. १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा कायदा केला, त्यात आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पण २००५ ला हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच मुलाइतकी हक्कदार, लग्न कधी झालं याचा काही संबंध नाही, आणि २०२० मध्ये विनिता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं की त्या दिवशी वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. इथे तर वडील २०१२ पर्यंत होते. जमीन वडिलांच्या स्वकष्टाची असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या मूळ हिंदू वारसा कायद्यानेच मुली पहिल्या वर्गातल्या वारस आहेत. म्हणजे कुठूनही बघा, बहिणींचा हिस्सा आहेच, फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते विचारून घ्या.

आता तो तलाठ्यापुढचा जबाब. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, वडिलांच्या मृत्यूनंतरचे सगळे फेरफार काढून एकेक ओळ वाचा. बहुतेक असं दिसेल की पहिल्या नोंदीत पाचही वारसांची नावं लागली, मग काही महिन्यांनी दुसरी नोंद की मुलींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचा जबाब दिला सबब नावे कमी केली. या दुसऱ्या नोंदीत दस्त क्रमांक, तारीख आणि दुय्यम निबंधक (सब-रजिस्ट्रार) कार्यालयाचं नाव आहे का ते बघा. असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र झालंय, त्याची नक्कल काढा आणि सह्या तिघींच्या आहेत का, गट नंबर हाच आहे का ते तपासा. दस्त क्रमांक नसेल आणि नुसता जबाब किंवा स्टॅम्पपेपरवरची नोटरी असेल तर बहिणींचा हक्क गेलेला नाही. शंभर रुपये आणि त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क लेखी सोडायचा तर तो दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर व्हावाच लागतो. फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी बदलत नाही, ती महसुलाची नोंद आहे, उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात एवढंच, आणि सुप्रीम कोर्टाने हे कितीतरी वेळा सांगितलंय.

लोक म्हणतात खरेदीखत रजिस्टर झालं ना, मग काय होतंय. होतं असं की दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा खरा मालक आहे की नाही याची खात्री तो देत नाही. उद्या बहिणींनी दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावला तर पाच वारसांचे पाच सारखे हिस्से, भावांकडे विकायला होते दोनच. सव्वा एकर म्हणजे ५० गुंठे, तुम्ही पैसे मोजणार ५० गुंठ्यांचे आणि हातात राहणार २० गुंठ्यांचा हक्क, तोही कुठल्या बाजूचा ते वाटप झाल्यावर ठरणार, आणि तो दावा किती वर्षं चालेल ते कोणी सांगू शकत नाही. पेपरात जाहीर नोटीस दिली आणि पंधरा दिवसांत कोणी आलं नाही म्हणूनही त्यांचा हक्क संपत नाही. नोटीस द्याच, पण तिच्या भरवशावर व्यवहार नको.

उपाय साधा आहे, तिघी बहिणींना खरेदीखतात लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्या, म्हणून घ्या, नुसती संमती नको, आणि त्यांचे पैसे त्यांच्या खात्यावर चेकने जाऊ देत. यातली एखादी बहीण वारली असेल तर तिचा नवरा आणि मुलं सही करणार, आणि मूल अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर त्याचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते, ती आधी घ्यायला लावा. भाऊ म्हणाले बहिणी येणार नाहीत, तर मग प्रकरण तुम्हाला सांगितलं तेवढं सरळ नाही. माझं स्पष्ट मत, अशी जमीन सोडून द्यावी. दर कमी सांगत असतील तर तो बहुतेक यामुळेच असेल.

जाता जाता, सातबाऱ्याचा इतर हक्क हा रकाना आणि भोगवटादार वर्ग एक आहे की दोन (वर्ग दोनची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही) तेही वाचा. विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा इतर हक्कात दिसेल, कुळाची नोंदही तिथेच.

प्रश्न : चिंचवडला ६२ लाखांचा रिसेल फ्लॅट घेतोय. विकणाऱ्यावर होमलोनचे १८ लाख बाकी आहेत. तो म्हणतो ५ लाख कॅश टोकन द्या, त्यातून हप्ते भरतो, लोन नंतर क्लोज करतो. ओळखीतला माणूस आहे.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : ओळख राहू द्या, कॅश नको. घराच्या व्यवहारात २० हजार आणि त्यापुढची रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो, आणि तुमच्याकडे दिल्याचा पुरावा राहत नाही. त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (किती भरले की लोन बंद होईल ते सांगणारं पत्र) आणि ओरिजिनल कागदांची यादी मागवा. त्या यादीत बिल्डरपासून आत्तापर्यंतचं प्रत्येक ॲग्रीमेंट आहे का ते बघा, मधलं एखादं हरवलेलं असेल तर तुमची बँक लोन अडवते. मग ॲग्रीमेंट रजिस्टर करून १८ लाखांचा डीडी थेट त्याच्या लोन अकाउंटला, बाकीचे त्याला, असं ॲग्रीमेंटमध्येच लिहा. लोन फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत ओरिजिनल कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कागद आले म्हणजे झालं असं नाही, सरसाईवरचा (तारण मिळकतींच्या केंद्रीय नोंदवहीवरचा) बोजा उतरलाय का तेही बघा, हे बहुतेक जण विसरतात. आणि किंमत ५० लाखांच्या वर आहे म्हणून १ टक्का टीडीएस, म्हणजे ६२ हजार, तुम्ही कापून भरायचे. बँकेच्या लोनच्या रकमेतून ते आपोआप भरले जात नाहीत, आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : आईच्या नावावर फ्लॅट होता, सोसायटीत नॉमिनी धाकटा भाऊ. आई गेली, आता तो म्हणतो फ्लॅट माझाच, तुम्ही दोघींनी विषय काढायचा नाही. मृत्युपत्र नाही. मोठी बहीण अमेरिकेत असते.
— एक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेऊ शकते, पण तो सगळ्या वारसांच्या वतीने फ्लॅट सांभाळतो. वडील हयात नसतील तर तिघांचा सारखा हिस्सा. सोसायटीला आजच लेखी कळवा की वारसांमध्ये वाद आहे, आमच्या संमतीशिवाय विक्रीला एनओसी देऊ नये, आणि पोच घ्या. आपसात जमलं तर हक्कसोडपत्र किंवा तिघांची मिळून विक्री, नाही जमलं तर वाटपाचा दावा. बहिणीला यायला जमणार नसेल तर ती तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून तुमच्या नावे मुखत्यारपत्र पाठवू शकते, फक्त ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला स्टॅम्प भरायचा.