‘दादा, तुम्ही पाहिलंत ना?’

प्रश्न: मी एका ज्येष्ठ वकिलांकडे तीन वर्षं ज्युनिअर आहे. चेंबरमध्ये आम्ही एकूण सातजण. दहा आठवड्यांपूर्वी संध्याकाळी कॉन्फरन्स संपल्यावर सरांनी लॉ कॉलेजच्या इंटर्न मुलीच्या कमरेभोवती हात टाकला आणि ‘फाइलपेक्षा तुझ्याकडेच बघावंसं वाटतं’ असं म्हणाले. ती अंग चोरून बाजूला झाली. आम्ही चारजण समोर होतो, एकजण हसला, बाकीच्यांनी फाइली चाळल्या. रात्री तिचा मेसेज आला, ‘दादा, तुम्ही पाहिलंत ना?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. बोललो तर चेंबर सुटेल, वकिलीची सनदही जाईल, अशी धास्ती वाटते. गप्प राहणं हा गुन्हा आहे का? तक्रार मी करू शकतो का?

उत्तर: आधी तिचं वय बघा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला नुकतीच आलेली मुलगी सतराचीही असू शकते. तशी असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागतो आणि माहिती असून न कळवणं हाच गुन्हा ठरतो, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. ती सज्ञान असेल तर तुमचं गप्प बसणं गुन्हा नाही. पुढचं ती सज्ञान आहे असं धरून लिहिते.

तक्रार तिची. ती स्वतः करू शकत नसेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याच्या, म्हणजे पॉशच्या, नियमांनुसार घटनेची माहिती असलेला माणूस तिच्या लेखी संमतीने करू शकतो. पोलिसांकडे खबर कुणीही देऊ शकतं. अशा स्पर्शाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. पण तिला न विचारता ठाण्यात जाऊ नका. जबाब तिला द्यायचे आहेत, उलटतपासणी तिची होणार आहे.

दहापेक्षा कमी माणसं आणि तक्रार खुद्द चेंबरच्या मालकाविरुद्ध, म्हणून ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाईल. तिथे सरांचा पहिला बचाव मी आत्ताच सांगते: ‘चेंबरमध्ये सगळे स्वतंत्र वकील, कुणी कुणाचा नोकर नाही.’ वकिलांच्या बाबतीत हा मुद्दा पोकळ नाही. महिला वकिलांनी वकिलांविरुद्ध बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, करायच्या तक्रारींना मालक-कर्मचारी नातं नसल्याने पॉश लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2025मध्ये म्हटलं आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पण तिच्याकडे सनद नाही, ती शिकाऊ आहे, आणि कायद्यातल्या ‘कर्मचारी’च्या व्याख्येत शिकाऊ उमेदवार येतो, पगार असो वा नसो. शिवाय ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे वेगळी करता येते.

मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये. तिच्या हातात जेमतेम तीन आठवडे उरलेत.

तुमच्या धास्तीबद्दल खोटा दिलासा देणार नाही. साक्षीदाराचं नाव जाहीर करायला कायद्याची मनाई आहे, पण सातजणांच्या चेंबरमध्ये कोण बोललं ते चहा येईपर्यंत कळतं. साक्षीदाराला चेंबरमधून काढू नये असं थेट कलमही या कायद्यात नाही. मॅटर मिळणं, ब्रीफ मिळणं, कोर्टात चार ओळखी होणं, सगळं सिनिअरच्या हातात. म्हणून आपल्या व्यवसायात माणसं तोंड उघडत नाहीत. इंटरनॅशनल बार असोसिएशनने 2019मध्ये 135 देशांतल्या सुमारे 7000 जणांकडून माहिती घेतली, तेव्हा लैंगिक छळाच्या 75 टक्के घटनांची तक्रारच झालेली नव्हती. सनदेची काळजी मात्र सोडा. खरी साक्ष दिली म्हणून सनद जात नाही.

बंद खोलीतल्या प्रकरणात डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मिळावा म्हणून आपण अशिलाच्या मागे किती लागतो, आठवा. तिच्याकडे असे चार आहेत आणि चारही फाइलीत डोकं घालून बसलेत.

आज रात्री लिहून काढा: तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं, कोणता हात, नेमके शब्द. उरलेल्या तिघांशी बोलायच्या आधी लिहा, नाहीतर चौघांची आठवण एकाच साच्याची होईल आणि उलटतपासणीत ते पहिल्या पाच मिनिटांत दिसेल. तिचा मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका. मग तिला उत्तर द्या. फोन न करता, लिहून: ‘हो, पाहिलं. तेव्हा बोललो नाही, चुकलं. तुला तक्रार करायची असेल तर मी साक्ष देईन. मुदत तीन महिन्यांची आहे.’ ती नको म्हणाली तर विषय तिथेच थांबवा. कागद जपून ठेवा.