पेडल वर घेतलं आणि चाकं धरली

प्रश्न : वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी वाईत आमच्याकडे आहे. दिवाळीत ब्रेक फार खाली लागत होता म्हणून इथल्या मिस्त्रींनी पेडल वर घेऊन दिलं. तेव्हापासून गाडी सुटते छान, पण पाचवड यायच्या आत जड होते. पेडल दगडासारखं, क्लच दाबून धरली तरी गाडी जागची हलत नाही, आणि चारही ड्रमना हात लाववत नाही. अर्धा तास चहा पिऊन आलो की जणू काही झालंच नव्हतं. दोनदा लायनर बदलले, चारही व्हील सिलिंडरचे किट टाकले. आता मास्टर सिलिंडर नवा टाकायला सांगतात. टाकू का?

— एक वाचक, वाई

उत्तर : थांबा, पैसे खिशातच ठेवा. उत्तर तुमच्या पत्रात दुसऱ्याच वाक्यात आहे, तुम्ही ते लिहून पुढे निघून गेलात.

पाय दाबला की मास्टर सिलिंडर ब्रेक तेल चाकांकडे ढकलतो; तिथले व्हील सिलिंडर शू (ज्यांवर लायनर बसवतात त्या कमानी) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबतात. आता दोन खुणा बघा. चारही चाकं एकदम धरतात. एक सिलिंडर गंजला, एक स्प्रिंग तुटली, तर एक चाक धरेल. चौघांनी मिळून संप करायचा म्हणजे पुढारी कुठेतरी एकच असणार. आणि थंड झाल्यावर सुटतात, म्हणजे काही अडकलेलं नाही, तेल कोंडलेलं आहे.

मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक तेलाच्या टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येतो, भोक उघडतं आणि जास्तीचं तेल टाकीत परततं. पेडल आणि पिस्टन यांच्यामध्ये थोडी मोकळीक हवीच. बोटाने पेडल दाबलं तर पहिले 5 ते 10 मिलिमीटर ते रिकामं गेलं पाहिजे (मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातलाच आकडा धरा). तुमच्या मिस्त्रींनी पेडल वर घेताना ही मोकळीक खाऊन टाकली असणार. पिस्टन केसभर पुढे राहतो, भोक बंद. तेल गरम होऊन फुगतं, परतायला वाट नाही, म्हणून शू ड्रमवर दाबले जातात. त्याने ड्रम आणखी तापतो, तेल आणखी फुगतं. पाचवडपर्यंत तेवढंच पुरतं.

खात्री अशी करा. गॅरेजच्या आसपासच फेऱ्या मारून ब्रेक धरू द्या. मग सपाट जागी गाडी उभी करून चाकांना दगड लावा, डोळ्यांवर चष्मा, हाताशी फडकं. मास्टर सिलिंडरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपचं नट किंचित सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाकं मोकळी झाली, तर दोष मास्टरपाशी किंवा पेडलपाशी. तिथे नाही सुटली, पण चाकाचा निप्पल (हवा काढायची तोटी) उघडल्यावर सुटली, तर मधला रबरी होज, म्हणजे नळी, आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी नवरदेवासारखा दिसतो. निप्पल उघडूनही चाक सुटलं नाही, तरच ड्रम उघडायचा. नंतर ब्रेक लाइनमधली हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो.

मोकळीक बरोबर केली की पेडल परत खाली जाईल, आणि तुम्ही मला शिव्या घालाल. पेडलची उंची चाकात असते हो! लायनर झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं; ते चाकावरच्या अ‍ॅडजस्टरने कमी करायचं. ड्रम हाताने फिरवत, घासायला लागेपर्यंत आवळा, मग नुसता मोकळा फिरेल इतकं सोडा. हे काम चाकाखाली आडवं पडून करावं लागतं. पेडल वर घ्यायला पाच मिनिटं लागतात, म्हणून तेच केलं जातं.

मोकळीक आधीच बरोबर असेल, तर तेलावर संशय घ्या. ग्लासभर पाण्यात टाकीतल्या तेलाचे चार थेंब टाका. डॉट 3 ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग तरंगला, तर कुणीतरी खनिज तेल ओतलंय. हे मी ठामपणे सांगतो कारण नाना पेठेत शिकाऊ असताना एका टॅक्सीत इंजिन ऑइल ओतणारा मीच होतो. डबे सारखे दिसत होते. दोन दिवसांनी सिलिंडरमधले सगळे रबरी कप वड्यांसारखे फुगून आले, आणि उस्तादांनी लाइनमधलं रबर न् रबर माझ्याकडून बदलून घेतलं. पगार त्या महिन्यात विचारू नका.

तोवर पसरणी घाट उतरू नका. नवं डॉट 3 तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मुरलेल्या तेलाची हमी 140 अंशांवर येते. धरलेल्या ब्रेकने ड्रम तापवून तेल उकळलं, तर लाइनमध्ये वाफ होते आणि मग पेडल दगड राहत नाही, थेट फरशीला टेकतं.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की पहिल्या ब्रेकला डावीकडे ओढते. नंतर ठीक. ड्रम उघडू का?

— एक वाचक, पणजी

उत्तर : दोन-तीन ब्रेकनंतर जात असेल तर तो ड्रमवरचा गंज आणि ओल. उघडू नका. दिवसभर ओढत राहिली, तर आधी टायरची हवा बघा, मग पुढचे दोन्ही ड्रम. लायनर तेलकट निघाला तर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, तेल आत मुरलेलं असतं. दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदला. आणि जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.