पास्टर ‘रजेवर’ आहेत म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सांगलीचे, घरात चौथी पिढी ख्रिस्ती. आम्ही जातो त्या फेलोशिपच्या (छोट्या स्वतंत्र चर्चच्या) मुख्य पास्टरांबद्दल तिथे ऑफिसचं काम बघणाऱ्या एका मुलीने गैरवर्तनाची तक्रार केलीय असं कानावर आलं. रविवारी उपासनेनंतर कमिटीने चार ओळींचं पत्र वाचलं, साहेब तब्येतीमुळे रजेवर आहेत, प्रार्थना करा, चर्चा करू नका. संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करून टाकलं. भाचा उपासनेत कीबोर्ड वाजवतो, त्याने तोंडावर विचारलं तर त्याला तिथून उठवलं. मिस्टर म्हणतात घरातलं चव्हाट्यावर कशाला. मोठ्या संस्था अशा वेळी काय करतात? आणि आमच्याकडे रवी झकरायस या ख्रिस्ती वक्त्यांची पुस्तकं आहेत ती ठेवावीत का?

उत्तर : ताई, तब्येतच बिघडली असती तर ग्रुप बंद कशाला केला असता हो? आपल्यात कुणी आजारी म्हटलं की कुठल्या दवाखान्यात, डबा कोण नेतंय, रक्त लागणारे का, मेसेजचा नुसता पाऊस पडतो. आरोप खरा की खोटा हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही आणि कमिटीलाही नाही, म्हणून तर चौकशी लागते, पण हे पत्र चौकशीचं नाही, झाकण्याचं आहे.

मोठ्या संस्था काय करतात म्हणाल तर पहिल्या झटक्यात बहुतेक हेच करतात. तुम्ही झकरायस यांचं नाव काढलंच आहे तर तेच बघा, मद्रासला जन्मलेला माणूस, जगभर भाषणं, मे 2020 मध्ये वारले तेव्हा अंत्यविधीच्या सभेत अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष बोलले. सप्टेंबरमध्ये बातमी आली की ते ज्या स्पामध्ये भागीदार होते तिथल्या बायकांनी गैरवर्तनाची तक्रार केलीय. त्यांची संस्था म्हणाली, आम्हाला माहीत असलेला माणूस असा नव्हता. मग बाहेरची वकिलांची फर्म नेमली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये अहवाल सगळ्यांसमोर ठेवला : फोनमध्ये 200 हून जास्त मसाज करणाऱ्यांचे नंबर, आणि गरजूंसाठीच्या मदतनिधीतून अशा काहीजणींना गेलेले पैसे. मला सगळ्यात जास्त खटकलं ते मात्र 2017 चं. तेव्हाच कॅनडातली एक बाई बोलली होती, तर झकरायस यांनी तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर उलट केस टाकली, ती मिटली ती गप्प राहायच्या अटीवर, आणि संस्थेने विश्वास ठेवला तो साहेबांवर. अहवालानंतर बोर्डाने तिची नाव घेऊन जाहीर माफी मागितली, पण मधली तीन वर्षं ती जगापुढे खोटारडीच राहिली ना. शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चमध्ये 2018 मध्ये असंच, आरोप छापून आल्यावर लोकांनी उभं राहून पास्टर बिल हायबल्स यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ऑगस्टमध्ये तिथल्या वडिलांच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या एल्डर्सच्या, सगळ्या मंडळाला राजीनामे जाहीर करावे लागले.

आता तुम्हाला बायबलमधली वचनं ऐकवतील बघा. ‘अभिषिक्तांना’, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, ‘हात लावू नका’ हे तर हमखास. ते स्तोत्र 105 मधलं आहे, परक्या राजांनी अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या कुळाला त्रास देऊ नये म्हणून, पास्टरला हिशोब विचारू नये म्हणून नाही. दुसरं पहिले तीमथ्य 5:19, दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा आरोप ऐकू नको. बरोबर, पण लगेच विसावं वचन आहे, पाप करणाऱ्याला सगळ्यांदेखत दोष दे, ते कुणी वाचतच नाही. मत्तय 18 चंही तेच, ‘एकांतात सांग’ इथे थांबतात, पुढे ‘मंडळीला सांग’ आहे. मिस्टरांना तेवढं वाचून दाखवा.

वचनं झाली, आता कायदा. ती मुलगी पगारावर असो की सेवा म्हणून काम करत असो, 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा तिला लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवीच, नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची, म्हणजे ‘प्रार्थनेत थांबू या’ म्हणत दिवस घालवणं तिच्या अंगाशी येतं. आणि मूल अठराच्या आतलं असेल तर कमिटीला विचारत बसायचंच नाही, पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. फेलोशिपचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर हिशोब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातो आणि विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत तेही कळवावं लागतं, तेव्हा ‘हे आमचं आतलं’ म्हणायला जागा नाही.

मला गंमत वाटते, कारखान्याच्या सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत विषय उरकले की आपण वडाप घरी पोचेपर्यंत संचालकांना शिव्या घालतो, पतसंस्थेत ठेव अडकली तर दारात बसतो, आणि दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देतो तिथे मात्र मान खाली. तर कमिटीला लेखी अर्ज देऊन विचारायचं एवढंच : चौकशी कोण करतंय, त्याला नेमलं कुणी, अहवाल मंडळीसमोर वाचणार का, आणि त्या मुलीचा पगार चालू आहे का. या शेवटच्या प्रश्नावर कोण खाली बघतं ते नीट बघा. तिचं नाव मात्र तुम्ही कुठे घेऊ नका, अगदी प्रार्थनेतसुद्धा नको, आपल्यात प्रार्थनेच्या विनंतीतूनच निम्म्या बातम्या फिरतात.

पुस्तकांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या प्रकाशकाने अहवालानंतर ती विक्रीतून काढली. माझ्याकडे एक आहे, आत वडिलांच्या हातची तारीख आहे म्हणून ठेवलंय, पण यूथ मीटिंगसाठी कुणी मागितलं तर देत नाही.

आणि हो, भाच्याला कीबोर्डवरून का उठवलं हेसुद्धा त्याच अर्जात लिहा, आणि झेरॉक्सवर सेक्रेटरीची सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका.