हत्तीच्या दुप्पट उंच प्राणी चालेल का?

प्रश्न : कथेसाठी 'गिरगज' नावाचा प्राणी बनवलाय, हत्तीच्या दुप्पट उंच, लोक त्याला ओझ्यासाठी आणि मांसासाठी पाळतात. पटेल का?

उत्तर : कल्पना मस्तच आहे! पण उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि हाडांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, ज्यावर त्यांची ताकद ठरते, ते मात्र चौपटच, म्हणजे ६ टनांच्या हत्तीवरून हा ४८ टनांचा होणार, त्यामुळे पाय खांबासारखे जाड आणि सरळ ठेवा, उड्या अजिबात नकोत. वजन कमी व्हावं म्हणून मणक्यांत हवेच्या पोकळ्या द्या, लांब मानेच्या डायनोसॉरना त्या होत्याच. अंग तापणार, म्हणून मोठे कान नाहीतर डुंबायला पाणी हवं. मांसासाठी मात्र पाळू नका, हत्तीणच २२ महिने गाभण असते, मग याची पैदास किती सावकाश होईल! त्यापेक्षा शेणावर लिहा ना, खत, जळण, भरपूर मिळेल.